बंदरात चालतं, समुद्रात बसतं: डिझेलमधलं पाणी कसं शोधायचं

दर वर्षी ऑगस्ट उजाडला की मला तोच फोन येतो. "मिस्त्री, खाडीत तासभर इंजिन चालवून बघितलं, एक खोट काढली नाही. बाहेर दहा वाव खोल पाण्यात गेलो आणि बसलं." दापोली-हर्णैच्या पट्ट्यात मासेमारी बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात माझी वीस वर्षं गेली. या काळात मी सगळ्यात जास्त वेळा कुठला बिघाड काढला असेल तर तो डिझेलमधल्या पाण्याचा आणि पाण्यामागून येणाऱ्या घाणीचा. बहुतेक जण फिल्टर बदलतात, इंजिन चालतं, सगळे खूश. आठ दिवसांनी पुन्हा तेच. कारण बिघाड फिल्टरमध्ये नसतोच, फिल्टर फक्त चुगली करतो. पाणी कुठून आलं हे सापडेपर्यंत नवे फिल्टर म्हणजे पैसे समुद्रात.

लक्षणं

सगळी एकदम दिसत नाहीत. एखाद-दुसरंच दिसतं, आणि कुठलं दिसतं यावरून निम्मं काम होतं.

- इंजिन पटकन सुरू होतं, हळू रेसवर छान चालतं, पण जाळं ओढायला घेतलं किंवा पूर्ण रेस दिली की दहा-पंधरा मिनिटांत दम सोडतं. बंद करून थोडं थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा तेच.
- शांत पाण्यात काही नाही. बोट डोलायला लागली की बसतं.
- हात न लावता रेस वर-खाली होते.
- पांढरा धूर, आणि एखादा सिलिंडर मध्येच मुका होतो किंवा टकटक करतो.
- नवा फिल्टर आठवड्यात चोंदतो. काढला तर आत काळा, बोटांना बुळबुळीत लागणारा थर.
- रात्रभर उभी असलेली बोट सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरायला आल्यावरच सुरू होते.

पहिलं लक्षण चोंदण्याचं: कमी रेसला जेवढं डिझेल लागतं तेवढं चोंदलेल्या फिल्टरमधूनही येतं, जास्त मागितलं की पुरत नाही. दुसरं टाकीच्या तळाचं: डोलण्याने तळातलं पाणी आणि गाळ उसळून ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी येतो. तिसरं आणि शेवटचं बहुतेक वेळा पाण्याचं नसतं, हवेचं असतं. चौथं सगळ्यात वाईट, कारण पाणी फिल्टर ओलांडून नोझलपर्यंत, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीपर्यंत पोचलंय.

दोन गोष्टी या यादीतल्या नाहीत, पण लोक त्या इथेच आणून जोडतात. जोर दिल्यावर काळा धूर येत असेल तर आधी एअर फिल्टर बघा, बोटीखालच्या पंख्यात जाळं-दोरी गुंतलीय का बघा. डिझेलमधल्या पाण्याने काळा धूर येत नाही. आणि डिपस्टिकवरचं इंजिन ऑइल दुधाळ दिसत असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा. ते पाणी गॅस्केट, ऑइल कूलर किंवा सायलेन्सरकडून आलेलं असतं, आणि पुढचं काहीही वाचायची गरज नाही. फिटरला बोलवा.

आधी नांगर

इंजिन बाहेर बसलं तर पाना हातात घ्यायच्या आधी नांगर टाका. हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. खडपाकडे ढकलणारा वारा असताना तिघे जण इंजिनरूममध्ये डोकं घालून बसलेले आणि वर बोट कुठे चाललीय ते बघायला कोणी नाही, असं मी पाहिलंय. नांगर धरत नसेल आणि बोट खडकाकडे जात असेल तर व्हीएचएफ वायरलेसच्या १६ नंबर चॅनलवर हाक द्या, मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. इंजिन नंतर बघता येतं.

आणखी एक. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगी मिळाली तर त्याची वाफ पेटते ते तापमान, कमीत कमी ३५ अंश ठरलेला आहे. दुपारी बंद इंजिनरूम त्याच्या वर सहज जाते. डिझेल पेट घेत नाही असं म्हणत तिथे विडी ओढणाऱ्याला आधी वर पाठवा. इंजिनरूमचं वरचं झाकण उघडं ठेवा, आणि काढलेलं पाणी-डिझेल समुद्रात न ओतता कॅनमध्ये भरा. ते आपल्याला बघायचंही आहे.

पहिली तपासणी: बाटली

खर्च शून्य. लागतं काय, तर सरबताची एक स्वच्छ काचेची बाटली.

बोट रात्रभर स्थिर उभी राहू द्या. सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याच्या) खालचा नळ सोडून बाटलीभर काढा. इंजिन चालू असताना हे करू नका. सेपरेटर ओढणाऱ्या बाजूला असतो, नळ उघडला की डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, आणि मग दुपार एअर, म्हणजे नळ्यांत शिरलेली हवा काढण्यात जाते. इंजिन बंद असूनही काही आलं नाही तर घाबरू नका. टाकी सेपरेटरच्या खाली असली की असंच होतं. वरचा हवेचा स्क्रू थोडा सैल केला की वाहतं.

बाटली पंधरा-वीस मिनिटं बाजूला ठेवा. डिझेलचं लिटरभर वजन ८२०-८४५ ग्रॅम, गोड्या पाण्याचं किलोभर, समुद्राच्या पाण्याचं १०२५ ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे पाणी खालीच बसणार. मध्ये काळसर पडदा किंवा शेवाळासारखे तुकडे तरंगताना दिसले तर टाकीत जंतूंची वस्ती झाली. हे जंतू राहतात पाण्यात आणि खातात डिझेल, म्हणून नेमके दोघांच्या सीमेवर वाढतात. पाणी नसेल तर त्यांना घरच नाही.

थर कळत नसेल तर चिमूटभर खायचा रंग टाका. तो डिझेलमध्ये विरघळत नाही, तसाच तळाशी जाऊन बसतो. खाली पाणी असेल तर ते लगेच रंगतं. घरच्यांना न सांगता डबा आणलात तर परत नेऊ नका, डिझेलचा वास सात धुण्यांत जात नाही.

कधी थर दिसत नाही, पण डिझेल धुक्यासारखं गढूळ असतं. बाटलीमागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं वाचता आली नाहीत तर पाणी बारीक थेंबांच्या रूपाने मिसळलेलं आहे. बायोडिझेल मिसळलेलं असेल तर ते असं पाणी जास्त धरून ठेवतं, आणि सेपरेटरलाही ते नीट वेगळं करता येत नाही. अशी बाटली दिवसभर ठेवून बघा. तळाशी काही जमलं तर ठीक, नाही जमलं तरी ते डिझेल वापरू नका.

दुसरी तपासणी: मिठाची

ही माझी आवडती, आणि करत मात्र कोणीच नाही.

बाटलीतलं तळाचं पाणी वेगळं काढा आणि स्टीलच्या वाटीत उन्हात वाळत ठेवा. वरचा डिझेलचा तवंग टिपकागदाने किंवा जुन्या वर्तमानपत्राने उचला. संध्याकाळी वाटीत पांढरी खरखरीत साय राहिली तर पाणी समुद्राचं: डेकवरून, टाकीच्या बुचातून किंवा हवेच्या नळीतून आलेलं. वाटी जवळजवळ स्वच्छ सुकली, नुसता गंजाचा डाग राहिला, तर पाणी गोडं: पावसाचं, टाकीच्या पत्र्याला आतून सुटणाऱ्या घामाचं किंवा डिझेलबरोबर आलेलं. चव घेऊन बघू नका. घेतात लोक, म्हणून लिहितोय.

एका नाखव्याची गोष्ट सांगतो, नाव राहू दे. एका हंगामात त्याने सात-आठ फिल्टर बदलले होते. शेवटी मला म्हणाला, "इंजिनाचा डिझेल पंप उतरवा एकदाचा, जो काय खर्च होईल तो होऊ दे." मी म्हटलं, "नाखवा, पंप उद्या. आज वाटी." वाटीत मीठ निघालं. मग डेकवर गेलो, तर हवेच्या नळीचं वाकडं तोंड डेकपासून जेमतेम वीतभर उंच, आणि बरोबर त्याच्यासमोर खलाशी मासळी उतरवून झाल्यावर रोज पंपाच्या पाण्याने डेक धुवायचे. रोज दोन-चार चमचे आत. नळी दोन हात उंच केली, तोंड मागच्या बाजूला वळवलं, टाकी साफ केली. पंपाला हातही लावला नाही.

बूच, रबर आणि कुंभारीण

तर वाटीत मीठ असो वा नसो, आता डेकवर या. टाकीच्या बुचाखालचं रबर काढून हातात घ्या. चपटं झालेलं, चिरलेलं, कडक झालेलं असेल तर ते पावसाचं पाणी अडवत नाही. डेकच्या सपाटीला बसवलेलं बूच असेल तर भोवती पाणी साचतंच. दुपारी टाकी तापते, संध्याकाळी गार होते, आत ओढ तयार होते आणि साचलेलं पाणी फटीतून आत जातं. नवं रबर चहाच्या पैशात मिळतं. बसवताना ग्रीस लावा.

हवेची नळी दोन तऱ्हांनी त्रास देते. एक वर सांगितली. दुसरी उलटी: नळी चोंदलेली असते. जूनमध्ये बोट पावसाळ्यासाठी झाकून, शाकारून ठेवली की कुंभारीण माशी नळीत मातीचं घर बांधते, किंवा रंगकाम करणारा तोंडावर रंग फासतो. मग डिझेल जसं संपतं तशी टाकीत पोकळी होते आणि फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाला, ओढता येत नाही. लक्षणं हुबेहूब चोंदलेल्या फिल्टरची. इंजिन दम सोडायला लागलं की टाकीचं बूच सैल करा. "फुस्स" करून हवा आत गेली आणि इंजिन सुधारलं, तर आजार सापडला. एक तार आणि पाच मिनिटं.

डिझेल येतं कुठून

हर्णैसारख्या ठिकाणी डिझेल कॅनमधून छोट्या होडीने बोटीवर जातं. लाटेत कॅन भिजतात, झाकणं ढिली असतात, ओल्या हाताने नरसाळं धरलं जातं. डिझेल विकणाऱ्या पंपाला दोष द्यायच्या आधी स्वतःचे कॅन बघा. रिकामा कॅन उलटा करून कापडावर झटकला की कळतं. फडक्यातून गाळून घेण्याने समाधान मिळतं, पाणी अडत नाही, उलट फडक्याचे धागे टाकीत जातात.

बॅरलची एक खोड बऱ्याच जणांना माहीत नसते. २०० लिटरचं बॅरल उघड्यावर उभं ठेवलं की वरच्या काठाच्या आत पावसाचं पाणी साचतं, दोन्ही बुचं त्यात बुडतात. दिवसा बॅरल फुगतं, रात्री आक्रसतं आणि बुचाच्या आट्यांतून पाणी आत ओढून घेतं. बूच घट्ट असूनही. बॅरल आडवं ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील आणि डिझेलखाली बुडलेली राहतील असं. जागाच नसेल तर निदान खाली एका बाजूला लाकूड सरकवून तिरकं करा, साचलेलं पाणी बुचांपासून लांब राहील असं.

बॅरलमधून काढताना नळी तळाला टेकवू नका. चार बोटं वर धरा. तळातलं ते डिझेल इंजिनात न घातलेलंच बरं.

पंपावर संशय असेल तर भांडण न करता डिझेलची घनता तपासून मागा. पंपावर त्यासाठी हायड्रोमीटर असतो आणि रोजची नोंद ठेवावी लागते. जमिनीखालच्या टाकीत पाणी आहे का ते बघायची पेस्टही त्यांच्याकडे असते: मोजपट्टीच्या टोकाला लावून बुडवली की पाणी लागलेल्या उंचीपर्यंत तिचा रंग बदलतो. टँकर नुकताच रिकामा होत असेल तर तासभर थांबा. टाकीचा गाळ तेव्हा ढवळलेला असतो.

टाकीचा तळ

ती पेस्ट थोडी स्वतःजवळही ठेवावी. लांब पट्टीला लावून टाकीत सरळ खाली सोडा, तळाला क्षणभर टेकवा आणि बाहेर काढा. एकाच जागी बघून समाधान मानू नका. बोट मागच्या बाजूने पाण्यात जास्त खाली असेल तर पाणी टाकीच्या मागच्या कोपऱ्यात जातं, आणि बूच नेमकं पुढे असतं. टाकीला तळाचा नळ असेल तर उत्तम. पण कित्येक टाक्यांत तो नळ सगळ्यात खोल जागी नसतोच, बनवणाऱ्याला जिथे पाना फिरवता आला तिथे असतो.

नळ नसेल तर हातपंपाला पारदर्शक नळी लावा, ती काठीला बांधा आणि तळाच्या कोपऱ्यापर्यंत न्या. रात्रभर शांत उभ्या असलेल्या बोटीतच हे करा, ओहोटीच्या धक्क्यांत नको. हळू ओढा. नळीत आधी काळं, मग गढूळ पाणी, मग थेंब-थेंब, मग स्वच्छ डिझेल दिसेल. स्वच्छ आल्यानंतरही अर्धा तास थांबून परत एकदा ओढा, कडेचं पाणी तोवर घरंगळत मधे आलेलं असतं. किती निघालं ते मोजून लिहून ठेवा.

मोजायचं कारण आहे. सगळे म्हणतात, "पावसाळी मासेमारी बंदीत टाकी रिकामी होती, घाम आला." घाम येतो खरा, पण किती? ३० अंशांच्या दमट हवेत घनमीटरला साधारण ३० ग्रॅम वाफ असते. ४०० लिटरची टाकी पूर्ण रिकामी धरली तरी १२ ग्रॅम, म्हणजे अडीच चमचे. रात्री हवा पाच अंशांनी उतरली तर त्यातलं तीन ग्रॅम पत्र्यावर बसेल. १ जून ते ३१ जुलै अशा बंदीच्या ६१ दिवसांत रोज असंच झालं आणि त्यातलं काहीच परत उडून गेलं नाही असं धरलं, तरी हिशेब पाव लिटरच्या आत राहतो. पावसात तर दिवस-रात्रीच्या तापमानात एवढा फरकही नसतो. तेव्हा टाकीतून चार लिटर पाणी निघालं तर त्याला घाम म्हणून सोडून देऊ नका. ते कुठून तरी गळतंय.

तरीही त्या पाव लिटरवर जंतू वाढू शकतात, म्हणून बंदीत टाकी कशी ठेवायची हा प्रश्न उरतोच. माझं मत: पैसे अडकवणं परवडत असेल तर पाणी काढून टाकी काठोकाठ भरा. परवडत नसेल, आणि दोन महिने कमाई नसताना कोणाला परवडतं, तर पूर्ण रिकामी करून पुसून कोरडी ठेवा. एक चतुर्थांश भरलेली टाकी सगळ्यात वाईट, आणि शाकारलेल्या बोटींत मला तीच सापडते.

फिल्टर, पण कापून बघा

जुना फिल्टर टाकून देऊ नका. करवतीने उघडा, कागद पसरा आणि उन्हात बघा. काळा बुळबुळीत थर असेल तर जंतू. तांबूस भुकटी असेल तर लोखंडी टाकी आतून गंजतेय, म्हणजे पाणी जुनं आहे. पांढरट साबणासारखा चिकटा असेल तर टाकी किंवा नळ्या जस्ताचा मुलामा दिलेल्या आहेत. जस्त आणि डिझेल एकमेकांना मानवत नाहीत, अशी टाकी बदलण्याला पर्याय नाही. धागे असतील तर तुमचं ते फडकं.

नवा फिल्टर बसवताना घाईत एक चूक होते. दुसरा, बारीक फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून बसवतात. ते न गाळलेलं डिझेल थेट पंपात जातं. इंजिनाच्या डिझेल पंपातल्या प्लंजरची (दट्ट्याची) फट दोन-चार मायक्रॉनची असते, डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉन. शिवाय पंपाला आणि नोझलला वंगण फक्त डिझेलचं. पाणी गेलं की वंगण गेलं, धातूला धातू घासतो. म्हणून बारीक फिल्टर रिकामाच बसवा आणि प्रायमरने, म्हणजे हाताने डिझेल ढकलायच्या छोट्या पंपाने भरा. वेळ लागतो, लागू दे.

एअर काढायचा क्रम ओढणाऱ्या बाजूकडून पुढे: सेपरेटर, पहिला फिल्टर, दुसरा फिल्टर, मग पंपाचा स्क्रू. बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळा. साध्या जुन्या इंजिनात शेवटी नोझलचे नट अर्धा आटा सैल करून स्टार्टर मारतात. तेव्हा हात आणि तोंड लांब. नोझलच्या दाबाची धार कातडीतून आत घुसते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण हाताचं बोट कापायची वेळ येते. असं झालं तर मलम न लावता सरळ मोठ्या दवाखान्यात जा.

कॅनची परीक्षा

इथपर्यंत करूनही इंजिन बसत असेल तर एकच प्रश्न उरतो: दोष टाकी आणि नळ्यांत आहे की इंजिनात? लोक इथेच पंप उतरवतात. त्याआधी हे करा.

३५ लिटरचा स्वच्छ, कोरडा कॅन घ्या. चांगलं, बाटलीत तपासलेलं डिझेल भरा. फीड पंपाला येणारी नळी टाकीऐवजी कॅनमध्ये सोडा, आणि रिटर्नची, म्हणजे इंजिनात न वापरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी नळीही कॅनमध्येच आणा. रिटर्न विसरलात तर चांगलं डिझेल गुपचूप टाकीत जात राहील आणि कॅन अर्ध्या वाटेत संपेल. कॅन टाकीच्या उंचीला, घट्ट बांधून ठेवा, गरम सायलेन्सरपासून लांब. शंभर अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात तासाला वीसेक लिटर पितं, म्हणजे अर्ध्या तासाच्या परीक्षेला डिझेल भरपूर झालं.

आता जोर द्या. नुसती रेस देऊन कळत नाही, गिअर टाकूनच बघायचं. दुसरी बोट सोबतीला घेऊन खाडीच्या मुखाशी फेऱ्या मारा. अर्धा तास पूर्ण जोरात चाललं तर इंजिन, पंप, नोझल सगळं ठीक, दोष टाकीत किंवा टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळ्यांत. कॅनवरही बसलं तर टाकी निर्दोष, फीड पंपापासून पुढे बघायचं. या एका अर्ध्या तासाने किती पंप फुकट उतरायचे वाचलेत ते मला माहीत आहे. फिटर असून असं सांगतोय हे लक्षात घ्या.

कॅनवर चांगलं आणि टाकीवर वाईट, पण बाटलीत पाणी नाही, असं निघालं तर हवा. ओढणाऱ्या नळीच्या गळतीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, म्हणून सांधे कोरडे दिसतात आणि आपण फसतो. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडा, बुडबुडे दिसतील. मग टाकीकडे एकेक सांधा मागे जात बघा. तांब्याचे वॉशर पुन्हा पुन्हा वापरलेले असतील तर नवे टाका, नळीचे क्लॅम्प आवळा. बहुतेक वेळा पेच शेवटच्या कोणी घाईत केलेल्या कामातच असतो, आणि कधी कधी तो शेवटचा कोणी मीच असतो.

औषध आणि घरगुती उपाय

जंतुनाशक औषध मिळतं, उपयोगीही आहे, पण पाणी काढल्यानंतर. आधी पाणी, मग औषध. औषधाने जंतू मरतात, पण त्यांचा मेलेला गाळ टाकीतच सुटतो आणि पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत फिल्टर भराभर चोंदतात. औषध टाकलं की फिल्टरचे दोन संच जास्त घेऊन जा. "औषधाने उलट बिघडलं" अशी तक्रार दर वर्षी येते, ती याचीच.

पाणी "उडवायला" स्पिरिट, पेट्रोल किंवा रॉकेल ओतू नका. स्पिरिट पाण्याला विरघळवून फिल्टरच्या पार, थेट नोझलमध्ये नेतं. जे पाणी सेपरेटरने अडवलं असतं ते आपणच आत सोडतो. पेट्रोलबद्दल तर बोलायलाच नको, वर इंजिनरूमचं तापमान सांगितलंय.

इथे पाना खाली ठेवा

टाकीत कोणी उतरायचं नाही. कितीही मोठं झाकण असो, नाकाला रुमाल बांधलेला असो. आत प्राणवायू कमी असतो, आणि जुन्या पाण्याच्या गाळातून सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू येतो. तो जास्त झाला की नाकाला वासही येईनासा होतो, तेव्हा वास थांबला म्हणजे हवा स्वच्छ झाली असं समजू नका. हे काम त्याची साधनं असलेल्यांचं. गळक्या टाकीला जागेवर वेल्डिंग तर कधीच नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात.

कॉमन रेल इंजिन, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं नव्या तऱ्हेचं इंजिन असेल तर फिल्टर आणि सेपरेटरच्या पुढे आपण जायचंच नाही. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, नट सैल करून बघायचा खेळ तिथे चालत नाही.

कॅनच्या परीक्षेतही पांढरा धूर किंवा टकटक राहिली तर नोझल आणि पंप टेस्ट बेंचवरच (ते तपासायच्या यंत्रावर) जायला हवेत. घरी नोझल उघडून, घासून परत बसवलेलं एकही मला नीट चाललेलं दिसलेलं नाही. ऑइलची पातळी आपोआप वाढलीय आणि डिपस्टिकला डिझेलचा वास येतोय, तर पंप किंवा नोझलमधून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. पातळ झालेल्या ऑइलवर एक फेरीही मारू नका, बेअरिंग जातं. आणि स्टार्टर मारल्यावर इंजिन "ठक" करून अडकलं, फिरतच नाही, तर दुसऱ्यांदा मारायचं नाही. सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असू शकतं आणि पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

फिटरला बोलावलंत की बाटली, वाळलेली वाटी, कापलेला फिल्टर आणि किती लिटर पाणी निघालं तो आकडा त्याच्यासमोर ठेवा. कॅनवर किती वेळ चाललं तेही सांगा. आणि त्याने पहिल्याच मिनिटाला पंप उतरवायला पाना काढला, तर बाटलीकडे बोट दाखवून विचारा, हे पाणी आलं कुठून?